हात न धरता परळीपर्यंत

बीड जिल्ह्यात मी काही बघायला गेले नव्हते, पकडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर संशय घेतला तर वाचणाऱ्याला धक्का बसायला नको.

निमित्त झालं एका फोटोचं. आमची संघटना अपंगांच्या शिक्षणासाठी भांडते. पत्रकं काढते, अर्ज देते, कार्यालयांच्या पायऱ्यांवर ठाण मांडते. कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला होता: अंबाजोगाईतला एक हॉल, प्रौढ साक्षरता वर्गातले अपंग स्त्री-पुरुष रांगेत बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर पाटी, पाटीवर ज्याचं त्याचं नाव, आणि मागे फलक, ‘आम्ही साक्षर झालो!’ मी फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या पाट्यांवरचं अक्षर एकाच हाताचं होतं. वळणदार, शिक्षकी, शिरोरेघ आधी मारून मग अक्षरं टांगलेली.

मी त्याच दिवशी पिशवी भरली.

मी सांगलीकडची. बीड जिल्हा मला ठाऊक होता तो मागच्या दारानं. दिवाळी सरली की आमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. आमच्याकडे त्या माणसांना सरसकट ‘बीडवाले’ म्हणतात. त्यांना नावं असतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या घरी पहिल्यांदाच निघाले होते आणि तेही तपासणीला.

अंबाजोगाई

गाव जुनं आणि शिकलेलं. मेडिकल कॉलेज, इतर कॉलेजं, दवाखाने, झेरॉक्सची दुकानं. स्टँडसमोर चहा घेतला, तर शेजारच्या बाकावर दोन म्हातारे एका प्राध्यापकाच्या बदलीवरून तावातावानं भांडत होते. अशा गावात लबाडीसुद्धा व्यवस्थित टाइप केलेली मिळते.

वर्ग भरवणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रार जिथं करायची तिथं केली आहे. संयोजक उमदे गृहस्थ होते. आल्याआल्या पेढ्यांचा डबा पुढे आला. “म्याडम, घ्या की. आपलेच दिव्यांग बंधू-भगिनी पास झाले.” ‘दिव्यांग’ या शब्दानं माझं डोकं फिरतं. अंग दिव्य म्हणायचं आणि दाराला उतार बांधायचा नाही! मी पेढा बाजूला ठेवला आणि व्हरांड्यात पाहिलं. तिथं तीनचाकी सायकलीवर एक माणूस खिडकीला गाल लावून बसला होता.

“हे आत का नाहीत?”

“पायऱ्या आहेत ना म्याडम. पण खिडकीतून सगळं दिसतं त्यांना.”

आत कोरस चालू होता. शिक्षक ‘कमळ’ म्हणायचे, वर्ग ‘कमळ’ म्हणायचा. दुसऱ्या रांगेतला एक तरुण सगळ्यांपेक्षा जोरात तोंड हलवत होता, पण आवाज येत नव्हता. मी त्याच्याजवळ गेले. तो जन्मापासून बहिरा होता. बहिऱ्या माणसाला कोरसमध्ये बसवलं होतं, आणि तो बिचारा शेजारच्याचं तोंड बघून तोंड उघडत होता, मिटत होता. मी पाटीवर ‘मगर’ लिहून त्याच्यापुढे धरलं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शिक्षकाकडे, आणि हसून ‘कमळ’चा आकार केला ओठांचा.

पाट्यांवरची नावं कुणी लिहिली, असं मी सरळ विचारलं. शिक्षक म्हणाले, “हात धरून गिरवून घेतलं सगळ्यांकडून. हात त्यांचाच होता.”

माझं काम खरं तर तिथंच झालं होतं. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता. निघताना तो व्हरांड्यातला माणूस हळूच म्हणाला, “ताई, इथलं काय बगता? चकलांब्याकडं जावा. तिथं एक टेलरबाई शिकवती म्हनं. माझा मेव्हना तिच्याकडंच नाव लिहाया शिकला.”

मी मनात म्हटलं, अजून एक पेढेवाली.

चकलांबा

गेवराई तालुक्यातलं हे गाव. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला, दसरा तोंडावर आलेला. रस्त्याला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये शोभाताईंचं शिवणकामाचं दुकान. पस्तिशीची बाई, कपाळावर मोठी टिकली, गळ्यात टेप. मी कोण हे ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न:

“फोटो काढनार ना? मंग थांबा, साडी बदलून येते.”

बदलून आलीसुद्धा, जांभळी. माझा संशय दुप्पट झाला. ज्यांना फोटोची इतकी हौस, त्यांच्या वर्गात शिकणारे सहसा सजावटीचे असतात.

वर्ग दुपारी भरला. तिघंच. बाप्पा म्हणून एक आंधळे गृहस्थ, पूर्वी बैलगाडी हाकायचे. ज्ञानोबा, कडबाकुट्टीच्या यंत्रात उजव्या हाताची बोटं गेलेला. आणि कौसाबाई, चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक. लहानपणी तापात कान गेले. त्याआधीचे मोजके शब्द तिच्याकडे राहिलेत: माय, पानी, न्हाई. तेही तिच्या घरच्यांनाच कळतात.

ज्ञानोबानं मक्याच्या वाळक्या कणसात पेन खुपसलेला होता. कणीस मुठीत, म्हणजे तळहात आणि अंगठ्याच्या बेचक्यात धरून तो लिहीत होता. “बगा म्याडम,” तो म्हणाला, “तुमच्याकडं कनीस नुसतं भाजत्यात. आमच्याकडं सह्या करतंय.”

बाप्पांपुढे एक फळी होती. टायरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली अक्षरं खिळ्यांनी ठोकलेली. त्यांवरून त्यांची बोटं फिरत होती. मी लगेच भडकले. “ब्रेल का नाही? ब्रेल हा त्यांचा हक्क आहे.”

“हक्क हाय, सर न्हाई,” शोभाताई म्हणाल्या. “ब्रेलवाला सर धाडा म्हनून किती येळा सांगून आले. तवर बाप्पानं काय गप बसावं?”

“माह्या नावातला ‘प’ लई गुळगुळीत झालाय, पोरी,” बाप्पा म्हणाले. “ट्यूब बदलाया पायजे.”

हे मला आजही पटलेलं नाही. ब्रेल यायलाच हवं, आणि ते येत नाही याचा जाब मी मागणार आहे. पण अंबाजोगाईत कुणाचा ‘प’ गुळगुळीत झाला नव्हता, एवढं मान्य.

आता कौसाबाई. तिची शिकण्याची पद्धत अशी, की शब्द तिनं आणायचा. त्या दिवशी तिनं मिठाची रिकामी पिशवी आणली होती. त्याआधी कधी तिकिटाचा तुकडा, कधी गोळ्यांची पट्टी, कधी भिंतीवरची अक्षरं दाखवायला ती शोभाताईंनाच ओढत न्यायची. शोभाताईंनी ‘मीठ’ शब्द जाड पुठ्ठ्यावर लिहिला, जुन्या पुठ्ठ्यांत मिसळला, सगळे तिच्यापुढे पसरले. आणि मग, माझा विश्वास बसेना, त्या उठून मशिनवर गेल्या, वर्गाकडे पाठ केली आणि ब्लाउज शिवायला लागल्या.

मी वहीत लिहिलं: ‘शिक्षिका वर्ग चालू असताना स्वतःचा धंदा करते.’ खाली रेघ मारली.

मग उठून त्यांना तसं सुनावलंही. त्यांनी पाय थांबवला नाही.

“म्याडम, ती तोंड वाचती,” त्या म्हणाल्या. “माही भुवई हालली का तिला उत्तर घावतं. पैल्यांदा सा म्हैने मी समोर बसून शिकवलं. मला वाटलं लई हुशार हाय, समदे शब्द बराबर उचलती. एक दिस मी पदर तोंडावर घेतला, तर हिला एक बी शब्द येईना. पुठ्ठा न्हाई, मला वाचत व्हती ती! तवापसून पाठ करते.”

अंबाजोगाईचा तो तरुण आठवला, माझ्या चेहऱ्यावर ‘मगर’ शोधणारा. तरी मी रेघ खोडली नाही. सबब चांगली असली की मला जास्त संशय येतो.

शोभाताईंचा दुसरा नियम हात न धरण्याचा. इकडे बहिऱ्या माणसाला हाक मारता येत नाही म्हणून जो तो दंडाला धरून ओढतो. जेवायला ओढायचं, उठवायला ओढायचं, गाडीत चढवायला ओढायचं. सासरी, माहेरी, उसाच्या फडात. आमच्याकडेही वेगळं नाही, फक्त आमच्याकडे ओढून झाल्यावर ‘बिचारी’ म्हणतात. शोभाताईंच्या शेडमध्ये हात धरून गिरवणं बंद. जमिनीवर पाय आपटून हाक मारायची. हादरा कळतो, बाई वळते.

मी माझं संघटनेचं कार्ड काढून कौसाबाईपुढे ठेवलं. तिनं ते न बघता ढकलून दिलं आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, भुवया जवळ आणल्या. सगळे हसले.

“तुमचं नाव ठिवलं तिनं,” ज्ञानोबा म्हणाला. “अशी बगनारी बाई.”

तिच्या घरच्या खुणांत सगळ्यांना नावं आहेत. शोभाताई म्हणजे मशिनचं चाक फिरवणारा हात. परळी म्हणजे मूठ वर धरून बोटं उघडायची: धुराडं. मला दिल्लीत प्रमाण ठरलेली खुणांची भाषा थोडी येते, संघटनेनं शिकवली. ती मी करून दाखवली. कौसाबाईनं डास हाकलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

संध्याकाळी तिच्याच घरी जेवले. ज्वारीची भाकरी, येसर मसाल्याची झणझणीत आमटी, वर कच्चा कांदा. आमच्या कोल्हापुरी-सांगलीच्या रश्श्याचा मला गर्व होता. येसरच्या पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं आणि गर्व उतरला. तिथंच खरी गोष्ट कळली. मुलगा अशोक समोर बसला होता. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारा, सडसडीत, कमी बोलणारा.

कौसाबाईची मुलगी रेखा परळीला दिली आहे. तिचे दिवस भरत आलेत. कौसाबाईला तिच्याजवळ जायचं आहे, बाळंतपण करायचं आहे, लागेल तसं यायचं-जायचं आहे. आणि अशोकला तिला टोळीबरोबर न्यायचं आहे, दरसालसारखं. ती कोपीवर राहील, भाकरी थापेल, लेकरं बघेल.

“एकली जाती म्हनती,” अशोक म्हणाला. “मागं फडावर चुकून दुसऱ्याच ट्रकमदी बसली. दोन दिस हुडकलं तिला. बोलता येत न्हाई, आयकू येत न्हाई, कुनाला इचारनार? मी म्हनलं, परळीला एकली पोचून दाव. पोचलीस तर ऱ्हा लेकीपाशी. न्हाई तर माझ्यासंगं चल.”

ऐकणाऱ्या निरक्षराला स्टँडवर अडत नाही, कारण ‘ही कुठं जाते?’ असं विचारता येतं. न ऐकणाऱ्याला पाटी वाचण्यावाचून दुसरा रस्ताच नाही. इतकी वर्षं पत्रकं लिहून हे मला त्या चुलीपाशी कळलं.

अशोकनं आणखी एक तोड सुचवली होती: गळ्यात ‘परळी’ असा पुठ्ठा बांधायचा. कौसाबाईनं तो चुलीत घातला होता.

उद्या ती जाणार होती. मी म्हटलं, मी मागोमाग जाते. शोभाताईंनी लगेच मान हलवली. “नगा जाऊ. तुमी गेल्या का घोळ हुईल.”

“घोळ का होईल?”

“हुईल म्हंते ना.”

बस्स. लपवण्यासारखं काही नसेल तर साक्षीदार नको कशाला? मी जायचं पक्कं केलं. शेवटी त्या वैतागल्या. “जावा. पर तोंड उघडायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, अन् जवळ बसायचं न्हाई.”

गेवराई, बीड

सकाळची गाडी गेवराईपर्यंत. कौसाबाईच्या काखेत कापडी पिशवी, तिच्यात फडक्यात बांधलेले धपाटे आणि बाळासाठी शोभाताईंनी शिवलेली झबली. मी मागच्या सीटवर. गेवराईला ती उतरली, गाड्यांच्या पुढून शांतपणे चालत गेली, पत्र्याच्या पाट्या वाचत. ‘बीड’ दिसलं, चढली. सोपं. मी मनात म्हटलं, ही पाटी तिनं पाठ केलेली असणार. परीक्षा पुढे आहे.

पुढे होतीच. बीडच्या स्टँडवर परळीची म्हणून लागलेली गाडी नवी होती आणि तिच्या कपाळावर पत्र्याची पाटी नव्हती. लाल दिव्यांची अक्षरं धावत होती. शोभाताईंच्या सगळ्या पुठ्ठ्यांवरची अक्षरं जागेवर उभी राहणारी. ही पळत होती. ‘परळी’ येईपर्यंत ‘बीड’ निघून जायचं, आणि मध्येच दिवे गेलेली एक जागा. कौसाबाई गाडीपुढे उभी राहिली. डोकं अक्षरांबरोबर डावीकडे जायचं, परत यायचं. मी खांबाआडून बघत होते. माझ्या घशापर्यंत आलं होतं: हीच, हीच, चढ!

एवढ्यात एक धोतरवाला भला माणूस आला. “मावशे, कुटं जायचं?” उत्तर नाही. त्यानं आवाज चढवला. बहिऱ्यापुढे सगळेच चढवतात. मग त्यानं तिचा दंड धरला आणि शेजारच्या माजलगावच्या गाडीकडे ओढायला सुरुवात केली.

“आगं चल की, सुटंल गाडी!”

कौसाबाईनं पिशवी गरकन फिरवून त्याच्या खांद्यावर हाणली. धपाट्यांची पिशवी, चांगली जड.

“आयो! मारती की बे ही!” तो लांब झाला. “भलं कराया गेलतो!”

त्याचा मित्र बाकावरून ओरडला, “भलं करायचं तर घरी जाऊन म्हातारीचं कर बे!” सगळा स्टँड हसला. तेवढ्या गोंधळात दिव्यांची गाडी निघून गेली.

कौसाबाई बाकावर बसली. धपाटा काढला, खाल्ला. रडली वगैरे नाही. मी मात्र खांबामागे नखं खात होते. कुठं गेला माझा संशय? तो होताच, पण आता उलटा लागला होता: ही बाई खरंच शिकली असेल आणि तरी एका बिघडलेल्या दिव्यामुळे हिला उसाच्या फडात जावं लागलं, तर मी कुणाविरुद्ध पत्रक काढू?

बऱ्याच वेळानं एक जुनाट गाडी खडखडत आली. कपाळावर पत्र्याची पाटी. बीड, परळी. मी उठले, पिशवी खांद्याला लावली. कौसाबाई पाटीकडे बघत होती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, आणि चढली.

कंडक्टर तरुण, मिशीवाला. “मावशी, कुठं?” तिनं पिशवीतून पेन काढला आणि डाव्या तळहातावर लिहून हात त्याच्यापुढे धरला: परळी.

“मावशी, तळहाताचं तिकीट फाडू का आता?” गाडी हसली. कंडक्टरही. मग तो थांबला, तिच्या कानाकडे, तोंडाकडे बघून त्याला काहीतरी कळलं, आणि त्यानं आपल्या पेननं तिच्या ‘परळी’खाली हलकी बरोबरची खूण केली. महिलांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. मागे येऊन मला विचारलं, “ह्या तुमच्यासंगं हायत का?”

“नाही,” मी म्हटलं. मला वाटलं मी खरं बोलतेय.

परळी

परळी लांबूनच कळते. आधी धुराडी, मग झाडांच्या पानांवर करडा लेप. इथं औष्णिक केंद्राची राख सगळ्यांच्या घरात राहते, भाडं न देता. टपरीवाला ग्लास फडक्यानं पुसून मगच चहा ओततो, आणि कुणी टेबलावर कोपर टेकवत नाही. वैजनाथाला आलेले यात्रेकरू तेवढे टेकवतात, आणि मग शर्ट झटकत बसतात.

स्टँडवरून रेखाचं घर कौसाबाईला ठाऊक होतं. ती धुराड्यांच्या रोखानं चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी राखेची वाहतूक करणारा एक टिपर उभा. रेखाचा नवरा त्यावर ड्रायव्हर. दारात पोट सांभाळत रेखा उभी होती. आईला एकटीला गल्लीत वळताना बघून ती किंचाळली.

“आये! एकली आली गं माझी माय!”

कौसाबाईनं तळहात पुढे केला. घामानं फिसकटलेलं ‘परळी’ आणि खाली कंडक्टरची खूण. रेखा तो हात डोळ्यांना लावून रडायला लागली. मग मला बघितलं. “तुमी कोन?”

रेखानं भावाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अशोक. आईचा चेहरा बघून तो हसला, आणि मग मागे उभी असलेली मी त्याला दिसले. हसू गेलं.

“म्याडम हायत व्हय संगं? मंग एकली कशी?”

“मी काही केलं नाही,” मी पुढे होऊन म्हटलं. “मी एक शब्द बोलले नाही, हात लावला नाही. लांब उभी होते. शपथ घ्यायला तयार आहे.”

“शपत कावून? साधं सांगा. बीडात परळीची गाडी आली तवा तुमी काय करीत व्हता?”

गाडी आली तेव्हा मी उठले होते. पिशवी खांद्याला लावली होती. आणि तिनं मागे वळून पाहिलं होतं.

“उठून उभी राहिले होते,” मी म्हटलं.

“हां. झालं मंग.”

“अरे, पण तिनं पाटी वाचली! मी पाहिलं! आधीची गाडी तिनं सोडून दिली…”

“आधीची सोडली. तुमी उठल्या तवा बसली.” तो रागावला नव्हता, हेच वाईट. “म्याडम, मला बी वाटतंय ती शिकावी. पर उद्या मी लांब फडावर असनार अन् ही कुटंतरी चुकली, तर हुडकाया तुमी येनार का?”

सगळ्या जिल्ह्याला मी जो प्रश्न विचारत फिरत होते, तो अशोकनं मला विचारला होता: कशावरून? आणि शोभाताई जे टाळायला मशिनकडे तोंड करून बसतात, ते मी भर स्टँडवर, पिशवीसकट करून दाखवलं होतं. खरंच माझ्याकडे बघून ती चढली की पाटी बघून? मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

कौसाबाई पडद्याकडे टक लावून होती. ऐकू येत नसलं तरी अशोकचा हात तिला दिसला. त्यानं दंडाला धरून ओढल्याची खूण केली आणि उसाकडे, म्हणजे लांब कुठंतरी, बोट दाखवलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक न करता पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं.

त्या रात्री ती जेवली, रेखाच्या पायांना तेल लावलं, झोपली. माझ्याकडे फिरकली नाही.

सकाळी जाग आली तर ती निघालेली. पिशवीत पाण्याची बाटली, डोक्यावर पदर. मी घाईनं चपला अडकवल्या. काही झालं तरी सोबत जायचं, अशोकला समजावायचं, शोभाताईंना सांगायचं… काय काय मनात होतं. गल्लीच्या तोंडाशी ती टिपरपाशी थांबली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं हात आडवा धरला. मग टिपरच्या दारावरच्या राखेत बोटानं लिहायला लागली. सावकाश. शिरोरेघ शेवटी.

मी एकली

शोभाताईंच्या पुठ्ठ्यांवर असंच लिहिलेलं मी वाचलं होतं, बोलतात तसं, आणि ‘प्रमाण मराठी का नाही?’ म्हणून तेही वहीत टिपलं होतं. अक्षर वाकडं होतं. ‘ए’ची शेपटी फार लांब गेलेली. कुणी हात धरून गिरवून घेतलेलं नव्हतं, ते गल्लीतल्या कुणालाही दिसलं असतं.

तिनं बोटाची राख पदराला पुसली, मूठ वर धरली, बोटं उघडली, परळी. मग हात उलटा फिरवून चकलांब्याची दिशा, आणि पुन्हा परळी. जाऊन येते.

मी तिथंच उभी राहिले. ती वळली, दिसेनाशी झाली. पुढची गाडी पकडून, तोंडाला रुमाल बांधून, तिच्या मागं जाता आलं असतं. तिला कळलंही नसतं. मला ते सुचलं, एकदा नाही, दिवसभर सुचत राहिलं. रेखा म्हणाली, “ताई, लसून सोलता का? हात चालू ऱ्हातील.” मी लसूण सोलला. मग शेंगा फोडल्या. मग राख पुसली, आणि पुसून होते तोवर पुन्हा बसलेली राख पुन्हा पुसली. रेखाचा फोन मध्ये ठेवलेला. तो वाजेना.

उन्हं कलली तेव्हा वाजला. अशोक. त्याच्यामागे त्याचंच दार, आणि दारात कौसाबाई, घामेजलेली, तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती.

“आई आली,” तो म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. “म्याडम कुटं हायत?”

रेखानं फोन माझ्याकडे वळवला. मी तिच्या चुलीपाशी मांडीत सूप घेऊन बसले होते, बोटांना लसणाचा वास, केसांत राख. तो बराच वेळ बघत राहिला. मी चेहरासुद्धा हलू दिला नाही.

“परळीतच हायत व्हय,” तो म्हणाला. “बरं. मी सोडतो गाडीवर म्हनलं, तर हात झटकला तिनं. सकाळच्या गाडीनं येती.”

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं, निघाले नाही. कौसाबाई दार वाजवत नाही. वाजवणं हे ऐकणाऱ्यांचं काम. ती सरळ आत आली, पिशवी खुंटीला लावली, रेखाच्या पोटावर तळहात ठेवला. मग मी दिसले. अजून इथंच? असं तिच्या तोंडावर स्पष्ट आलं. तिनं डोळे बारीक केले, भुवया जवळ आणल्या, माझं नाव घेतलं, आणि माझ्यापुढचं सूप ओढून घेऊन मी सोललेला लसूण एकेक पाकळी उचलून तपासायला लागली.